यमुनाक्काची न वाजणारी गाडी

यमुनाक्का कासारीण गुंदजवळच्या कुणब्यांच्या वाडीत बांगड्या भरायला बसली की बायका तिच्याभोवती कोंडाळं करायच्या. हात कितीही राकट असू दे, ती तो चेपून चेपून असा मऊ करायची की बांगडी कधी चढली ते बाईला कळायचंसुद्धा नाही. तोंडाची टकळी चालूच. कुणाची गाय व्याली, कुणाची सून रुसली, सगळं तिला ठाऊक. पण गिरजाचा हात हातात आला की टकळी बंद व्हायची आणि मान खाली जायची. बांगड्या भरून झाल्या की रिवाजाप्रमाणं एक जास्तीची, आशीर्वादाची बांगडी ती चढवायची. मग गिरजा, तीही रिवाजाप्रमाणंच, डोक्यावर पदर घेऊन कासारणीच्या पाया पडायची. त्या वेळी यमुनाक्काला वाटायचं, धरणीनं पोटात घेतलं तर फार बरं होईल.

गिरजा ही लखू कुणब्याची बायको. आणि लखूचं यमुनाक्कानं काय करून ठेवलं होतं, ते त्या वाडीत कुणालाच माहीत नव्हतं. खुद्द लखूलाही नाही.

आता हे नीट सांगायचं तर गाडीपासून सुरुवात करायला हवी, कारण सगळं त्या गाडीपायी झालं. गाडी बिचारी गुणाची होती हो. माणसाला एखाद्या गोष्टीचा सोस लागला की तो कुठवर नेईल याचा नेम नसतो, एवढंच.

यमुनाक्का खानापूरची. नवरा बाबुराव. घरात चार जावा, चार दीर, सासू, आणि तिच्या वाट्याला एक कोनाडा अन् अर्धी खुंटी. अर्धी अशासाठी की उरलेल्या अर्ध्या खुंटीवर थोरल्या जावेचं लुगडं असायचं. दसरा झाला की नवराबायको एका बैलाच्या पाठीवर बांगड्या आणि पितळेची भांडी लादून सुप्याच्या रानात उतरायची ती पार वैशाखापर्यंत वाड्यावाड्यांतून फिरायची. मुक्काम कुठं देवळात, कुठं कुणाच्या ओसरीत. दहा वर्षं अशी गेली. मूलबाळ नव्हतं. आपलं म्हणून एक दार असावं, ते आपण लावावं आणि आपणच उघडावं, एवढं एकच तिच्या मनात होतं.

मग इंग्रजी एकोणीसशे बारा की तेरा साली बाबुरावानं नंदगडच्या सुताराकडून छपराची गाडी करून घेतली. वर बांबूच्या तट्ट्याची कमान, मागं तट्ट्याचंच छोटंसं दार, खाली वैरणीसाठी काथ्याची झोळी. जुवाखाली काशाची घंटा. गाडी दारात आली तशी यमुनाक्कानं बैलांच्या पायांवर पाणी घातलं, चाकांवर घातलं, आणि मग कुणी बघत नाही असं बघून आत चढून नुसती बसली. बराच वेळ बसली. ते मागचं दार तिनं चार वेळा लावलं आणि चार वेळा उघडलं.

पहिल्याच चढाला घरानं आपला रंग दाखवला. सगळं जड सामान तिनं हौसेनं मागं लावलं होतं, दाराजवळ, हाताला यावं म्हणून. चढ लागला तशी गाडी मागं उलाळ झाली, जू बैलांच्या मानेवरून उचललं गेलं, आणि आतला संसार एकावर एक घसरत मागं आला. लोणच्याची बरणी अंथरुणात पालथी झाली. तांब्यावर तांब्या, पातेल्यावर पातेलं आदळलं. बाबुराव पुढून ओरडला, "हे घर म्हनायचं का भजनी मंडळ?"

"हसा, हसा," ती आतून म्हणाली. "तुमचंबी अंथरून त्यातच हाय."

पुढं आठ दिवस त्या अंथरुणाला मोहरीचा वास येत होता आणि बाबुराव रोज सकाळी उठून विचारायचा, आज भाकरीबरोबर उशी वाढणार का म्हणून.

पण यमुनाक्का हट्टी. ती शिकली. जड ते आखाच्या बरोबर वर ठेवायचं, पुढंही नाही, मागंही नाही. तांदळाचं पोतं मधोमध, त्याला टेकून भांड्यांचा हारा. प्रत्येक भांड्यात गवत कोंबायचं, भांड्याभांड्यांत चिंध्या घालायच्या. बरणीला तांदळात गळ्यापर्यंत पुरायचं. देव एका पायलीत, पायली पोत्याच्या पोटाशी. बांगड्या सुतळीत ओवून, पेंढ्यात गुंडाळून, पाट्यांमध्ये, आणि पाट्या कमानीच्या बांबूंना दोन्हीकडून बांधलेल्या, म्हणजे गाडी कशीही कलली तरी त्या आपल्या झुलतील पण आपटणार नाहीत. महिन्याभरात गाठी मारण्यात ती अशी तयार झाली की बाबुरावाला साधी तपकिरीची डबी काढायची तर तिला हाक मारावी लागे.

आणि तिला एक खूळ लागलं. गाडीत काही वाजायला नको. किण् असा जरा आवाज आला की ती गाडी थांबवायला लावायची आणि तो आवाज शोधायची. वाजणारी बांगडी आज नाही तर उद्या फुटणार, असा तिचा हिशोब. तो चूकही नव्हता. पण हळूहळू ते फुटण्याबिटण्याच्या पलीकडं गेलं. गाडी न वाजता चालली की तिला वाटायचं, आपलं घर लागलं. वाजली की वाटायचं, अजून आपण दुसऱ्याच्या ओसरीतच आहोत.

आता लखू. तेव्हा लखू पंचविशीचा, आणि त्याच्या कानांची त्या रानात ख्याती होती. मधमाश्या कुठल्या झाडाच्या ढोलीत आहेत ते तो खाली उभा राहून कान देऊन सांगायचा. गवे ओढ्याच्या अलीकडं आहेत की पलीकडं, ते वाडीतली माणसं त्याला विचारूनच लाकडाला जायची. कासाराची गाडी वरच्या नंदिगड्ड्याच्या बाजूनं उतरणीला लागली की अर्ध्या कोसावरून तो घंटा ओळखायचा आणि गिरजाला सांगायचा, "हात धू, वैनी आली." यमुनाक्काला त्याचं फार कौतुक. आपण पोचायच्या आधी आपली वर्दी देणारं एक माणूस आहे, ही काय लहान गोष्ट आहे का?

त्या उतरणीचा एक नियम होता. रस्ता एका गाडीपुरताच, एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खोल घळ. खाली एके ठिकाणी रस्ता रुंद होता, त्याला थांबा म्हणत. उतरणारी गाडी थांबवता येत नाही, म्हणून तिनं घंटा वाजवत यायचं. चढणाऱ्यानं थांब्यावर उभं राहून कान द्यायचा. घंटा ऐकू आली तर थांबायचं, नाही आली तर चढायचं. लहान पोरालाही हे ठाऊक होतं.

नव्या गाडीचं ते दुसरं वर्ष. पौषातली सकाळ. बाबुराव उतरणीच्या माथ्यावरून पायवाटेनं एका वस्तीवर पितळेची घागर पोचवायला गेला. "हळू घिऊन ये खाली, बैलांना ठावं हाय वाट. थांब्यावर भेटतो," म्हणाला आणि गेला. यमुनाक्कानं कासरा धरला. गाडी माथ्याच्या सपाटीवरच वीसेक पावलं गेली असेल, तेवढ्यात आत कुठंतरी बांगडी वाजायला लागली.

बारीक आवाज. किण्, मग नाही, मग परत किण्. तिनं गाडी उभी केली की आवाज बंद. चालवली की पुढं घंटा घणघणायची आणि त्या घंटेत आतला आवाज बुडून जायचा. तीन वेळा असं झालं. हिरव्या बांगड्यांचा नवा माल होता, बेळगावहून आणलेला. तिला राहवेना. ती खाली उतरली, जुन्या लुगड्याची हिरवी चिंधी घेतली, आणि घंटेच्या आत लोंबणाऱ्या लोळीला गच्च गुंडाळली. चार पावलांपुरती. आवाज सापडला की काढायची.

आवाज सापडला. एका पाटीची गाठ सैल झाली होती आणि बांगड्यांचा एक झुबका कमानीच्या बांबूला लागत होता. चालत्या गाडीत, बैलांच्या भरवशावर, तिनं आत गुडघ्यांवर बसून पेंढा कोंबला, गाठ आवळली. आणि मग गाडी वाजेनाशी झाली. नवं वंगण, वाटेवर ओला पाचोळा, चाकांचासुद्धा आवाज नाही. यमुनाक्का पाटीवर हात ठेवून ते न वाजणं ऐकत बसली. तिला इतकं बरं वाटत होतं की चिंधीची आठवणच राहिली नाही.

वळणावर समोर लखूची गाडी. भाताचे मुडे भरलेली, चढावर अर्ध्यात आलेली. लखूनं एकदाच वर पाहिलं आणि बैल घळीच्या अंगाला दाबले. दुसरं तो काही करूच शकत नव्हता. यमुनाक्काची गाडी डोंगराला घासून खाली निघून गेली. लखूच्या गाडीचं बाहेरचं चाक काठावरून सुटलं. तो स्वतः उडी मारून वाचला. त्याच्या कमरेला सुरी होती, तिनं त्यानं एका बैलाच्या मानेखालचा पट्टा कापला, तोवर दुसरा बैल गाडीसकट घळीत गेला.

खाली थांब्यावर बैल आपोआप उभे राहिले. यमुनाक्का उतरली. वरून लखूचा आवाज येत होता, तो त्या बैलाला नावानं हाका मारत घळीत उतरत होता. आणि यमुनाक्काचा हात, तिनं त्याला सांगितलंही नव्हतं तरी, घंटेत गेला. चिंधी निघाली. ती तिनं कनवटीला खोचली. गाडीत एकही बांगडी फुटली नव्हती.

बाबुराव धावत आला तेव्हा लखू वर आला होता, रक्तानं माखलेला, रक्त बैलाचं. बाबुरावानं विचारलं, "लखू, घंटा न्हाई ऐकलीस?"

"न्हाई आली बा ऐकाया," लखू म्हणाला. "थांब्यावर उभा हुतो मी. चांगला उभा हुतो."

दुसऱ्या दिवशी वाडीचा बुधवंत, म्हणजे त्यांचा मुख्य, चार जाणती माणसं घेऊन आला. थांब्यावर सगळे उभे राहिले आणि बाबुरावानं गाडी वरून आणली. घंटा अशी खणखणत आली की घळीतून पडसाद उठला. सगळ्यांनी ऐकली. लखूनंही ऐकली. त्यानं हात उचलून आधी एक कान चाचपला, मग दुसरा.

यमुनाक्का तिथंच होती. आता सांगावं, आता सांगावं, असं तिच्या मनात येत होतं. पण सांगितलं तर बाबुराव गाडी मोडीत काढणार, आपल्याला खानापूरला त्या कोनाड्याकडं धाडणार, आणि वाड्यावाड्यांतल्या बायका आपल्या हातात हात देणार नाहीत. संध्याकाळी सांगू, ती म्हणाली मनात. संध्याकाळी म्हणाली, सकाळी सांगू. बाबुराव एक गोऱ्हा द्यायला तयार झाला तर लखूच नको म्हणाला. "चूक माझ्या कानांची हाय, तुमचा गोऱ्हा कशाला?"

मग काय, एका दिवसाचे दोन झाले आणि दोनांची सात वर्षं झाली.

लखूला कुणी शिक्षा केली नाही की शिवी दिली नाही. तसं झालं असतं तर यमुनाक्काला सोपं गेलं असतं. कुणी त्याला गाडी देईना, एवढंच. लाकडाला जाताना कुणी त्याला विचारीना. पोरं त्याला भैरा लखू म्हणायला लागली. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे लखूच स्वतःला तसं मानायला लागला. काही ऐकू आलं की आधी दुसऱ्याच्या तोंडाकडं बघायचा, त्याला आलंय का म्हणून. कासाराची गाडी यायची तेव्हा रस्त्याला येऊन उभा राहायचा आणि यमुनाक्काला म्हणायचा, "आज आली बघा वैनी ऐकाया. तवाच का आली न्हाई म्हंतो मी." ती म्हणायची, "होतं असं कधी कधी, लखूदादा." आणि आत जाऊन आधीच आवळलेल्या गाठी परत आवळत बसायची. चिंधी तिनं टाकली नव्हती. ती बांगड्यांच्या पाटीत तळाशी होती.

चौथ्या वर्षी ती वाडीत आली तर लखूच्या धाकट्या भावाची, परशूची बायको पुतळी बांगड्या भरायला आली नाही. यमुनाक्कानं विचारलं तर गिरजानं नुसतं परसाकडं बोट केलं. पुतळी तिथं भांडी घासत होती. दोन्ही मनगटं रिकामी. मागच्या खेपेला यमुनाक्कानंच तिला डझनभर हिरव्या भरल्या होत्या.

परशू ओढ्याकाठी बांबू तोडायला एकटा गेला होता, वरच्या झाडाची मोठी फांदी मोडून कमरेवर पडली. संध्याकाळी सापडला तेव्हा गार झाला होता. दुपारभर जिवंत असणार, बुधवंत म्हणाला, हातांखालची माती त्यानं खरवडून काढली होती. हाका मारल्या असतील बिचाऱ्यानं. कुणाला ऐकू गेल्या नाहीत. यमुनाक्का पुतळीजवळ बसून रडली, आणि ते रडणं निव्वळ पुतळीसाठी होतं, म्हणून त्या दिवशी तिला स्वतःची जरा कमी लाज वाटली.

सातव्या वर्षी माघात ती आली. बाबुराव खालच्या घरांकडं भांडी घेऊन गेला होता. गिरजाचा हात तिच्या हातात होता. गिरजा सहज म्हणाली, "बाय, उद्या आमचे धनी सुप्याला जातात बाजाराला. तिथं एक वैदू येतो. कानामागं तापल्या सळीनं डाग देतो, दोन्हीकडं. त्यानं कान खुलतात म्हनं. मी न्हाई म्हटलं, पर ऐकत न्हाईत."

यमुनाक्काच्या हातातली बांगडी फुटली. काच गिरजाला लागली, रक्ताचा थेंब आला. इतक्या वर्षांत बांगडी भरताना तिच्या हातून काच लागली नव्हती. गिरजाच हसून म्हणाली, असू दे बाय. आणि पाया पडायला वाकली.

"पडू नको," यमुनाक्का म्हणाली आणि उठली.

लखू रस्त्याच्या कडेला तिच्या बैलांना गवत घालत होता. बत्तिसाव्या वर्षीच केस पिकले होते. यमुनाक्कानं पाटी उपसली, तळातली चिंधी काढली आणि लखूच्या समोर घंटेच्या लोळीला गुंडाळली. मग बैल जुंपून गाडी दहा पावलं पुढं नेली. घंटा हलली, वाजली नाही. लखू बघत राहिला.

"त्या दिवशी अशी हुती," ती म्हणाली. "मी बांधली हुती, लखूदादा. बांगडी वाजत हुती ती हुडकायला. काढायची इसरले. मग तुमी घळीत उतरला तवा काढली, अन् गप बसले. तुमचे कान चांगले हायत. तवाबी चांगलेच हुते. मला वाडीसमोर उभी करा, काय वाटंल ते करा, पर उद्या डाग घिऊ नका."

लखू घंटेपाशी आला. त्यानं चिंधी सोडली, घंटा हलवली. वाजली. चिंधी गुंडाळली, हलवली. नाही वाजली. परत सोडली. पोर खेळण्याशी खेळतं तसं त्यानं हे तीनदा केलं. मग त्याचा चेहरा उजळला, सात वर्षांपूर्वीचा लखू तिथं क्षणभर उभा राहिला.

"म्हंजे मी भैरा न्हवतो," तो म्हणाला.

"न्हवता."

"कवाच न्हवतो."

"कवाच न्हवता, लखूदादा."

यमुनाक्कानं सात वर्षांत पहिला पुरता श्वास घेतला. शिव्या देईल, मारील, काय करायचं ते करील, पण सुटलो, असं तिला वाटलं. आणि तेवढ्यात लखूचा चेहरा बदलला. तो हळूच खाली बसला, चाकाला पाठ लावून.

"मग ती हाक खरी हुती," तो म्हणाला.

"कसली हाक?"

"परशाची. त्या दुपारी मी खळ्यात हुतो. वढ्याकडनं हाक आली, दादा म्हनून. दोनदा आली. गिरजा भात कांडीत हुती, तिला इचारलं, काय ऐकलीस? ती म्हनाली न्हाई. मग मी म्हटलं, माझ्या कानांचं काय खरं हाय? अन् बसून ऱ्हायलो."

इतके दिवस तिला वाटत होतं की तिनं एक बैल मारला आणि एका माणसाचं नाव घालवलं. पुतळीच्या बांगड्याही तिनंच फोडल्या होत्या. आणि आपलं ओझं हलकं करायला म्हणून आली, ते तिनं उचलून याच्या डोक्यावर ठेवलं होतं. आत्तापर्यंत तो निदान बहिरा तरी होता.

"मला माफ करा," ती म्हणाली. ते तिचं तिलाच हलकट वाटलं.

परसातून पुतळी कळशी घेऊन पाण्याला निघाली होती. लखूनं तिला जाताना पाहिलं, ती वळणाआड होईपर्यंत थांबला, आणि हळू आवाजात म्हणाला, "वाडीत कुनाला काय सांगू नका वैनी. गिरजालाबी न्हाई. चिंधीचं सांगितलं तर पुतळी इचारंल, मग तुमी त्येंची हाक ऐकली आसंल की. मी काय सांगू तिला?"

"पर लोक तुमाला भैराच म्हनतील."

"म्हनू देत. बराच हाय तो." तो उठला. "डाग न्हाई घेत मी. त्याची काळजी करू नका. आता जावा, दिवस हाय तवर खालच्या घरांकडं उतरा. अन् घंटा वाजवत जावा."

चिंधी त्याच्या मुठीतच राहिली. यमुनाक्कानं मागायला हात पुढं केला नाही. गाठी तपासल्या नाहीत, पाट्या बघितल्या नाहीत, बैल हाकले आणि निघाली. आत बांगड्या वाजत होत्या, एक भांडं सुटून दुसऱ्यावर आपटत होतं, तिनं मागं वळून पाहिलं नाही. पुढं घंटा घणघणत होती. तिला ती हातानं धरून बंद करावीशी वाटत होती. पण उतरण होती, आणि लखू वर रस्त्यात उभा होता, आणि घंटेचा एक एक ठोका त्याला पार खालच्या घरांपर्यंत ऐकू येत राहणार, हे यमुनाक्काइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.